ऑडिटमधली आर्टिकलशिप : बारामती-इंदापूरच्या मुलामुलींसाठी कामाची माहिती

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की आमच्याकडे जे प्रश्न येतात ते बहुतेक ठरलेले असतात. एमपीएससी, पोलीस भरती, बँक, बी.एड. चार्टर्ड अकाउंटंट, म्हणजे सीए, होण्याबद्दल विचारणारे थोडे. आणि सीएच्या मार्गात जी आर्टिकलशिप करावी लागते ती नेमकी असते काय, तिथे रोज काम काय करतात, पैसे किती मिळतात, हे विचारणारे त्याहून थोडे. कारण साधे आहे. ज्याच्या घरात, भावकीत किंवा वस्तीत कुणी सीए नाही, त्याला विचारायचे काय हेच माहीत नसते. कऱ्हाटी, सुपे, मोरगाव या जिरायती पट्ट्यातल्या आणि खाली इंदापूरपर्यंतच्या आपल्या मुलामुलींसाठी ही माहिती आम्ही एकत्र केली आहे.

हा धंदा आपल्याला परका आहे असे कुणी म्हणत असेल तर एक गोष्ट आधी सांगू. बाबासाहेबांनी १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम या वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर लंडनची डी.एस्सी. मिळवली. त्यानंतर १९२५ ते १९२८ या वर्षांत ते मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवत होते. म्हणजे महाडचा सत्याग्रह झाला त्या १९२७ सालीही त्यांचे विद्यार्थी हिशेबनिसाच्या परीक्षेची तयारी करणारी मुले होती. पुढे ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत महालेखापरीक्षकाच्या पदावर चर्चा झाली, तेव्हा हा अधिकारी संविधानातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे आणि त्याचे काम न्यायसंस्थेच्या कामापेक्षाही मोठे आहे, अशा अर्थाचे मत त्यांनी मांडले होते. संसदेने मंजूर केलेला पैसा त्याच कामाला आणि तेवढाच खर्च झाला का, हे पाहणारा तो माणूस. सीएंची संस्था, इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया, त्यानंतर महिनाभराने, १ जुलै १९४९ रोजी स्थापन झाली.

आर्टिकलशिप म्हणजे काय

प्रॅक्टिस करणाऱ्या सीएच्या हाताखाली ठरावीक काळ काम शिकणे म्हणजे आर्टिकलशिप. ज्याच्याकडे शिकायचे त्याला ‘प्रिन्सिपल’ म्हणतात, ऑफिसात मात्र सगळे ‘सर’ किंवा ‘मॅडम’च म्हणतात. शिकणाऱ्याला ‘आर्टिकल’ म्हणतात. ही नोकरी नाही आणि कॉलेजही नाही. दोघांत रीतसर करार होतो, इन्स्टिट्यूटकडे त्याची नोंद होते आणि काम सुरू केल्यापासून ३० दिवसांच्या आत कागदपत्रे भरावी लागतात. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत हा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला आहे. शेजारचा एखादा दादा ‘तीन वर्षे लागतात’ म्हणाला तर तो जुन्या योजनेचे सांगतो आहे.

तिथपर्यंत पोचायचे दोन रस्ते आहेत. पहिला बारावीनंतरचा. फाउंडेशन परीक्षा, चार पेपर, ४०० गुण. प्रत्येक पेपरात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के हवेत. वस्तुनिष्ठ पेपरांत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, हे लक्षात ठेवा. दुसरा रस्ता पदवीनंतरचा : वाणिज्य शाखेत ५५ टक्के किंवा इतर शाखेत ६० टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला नोंदणी होते. बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात किंवा आसपासच्या कुठल्याही कॉलेजात बी.कॉम. करणाऱ्या ज्यांना या मार्गाची माहितीच उशिरा लागली, त्यांच्यासाठी हा दुसरा रस्ता खुला आहे. इंटरमीजिएटला सहा पेपर, दोन ग्रुप. दोन्ही ग्रुप सुटल्यावर आणि संगणक व व्यक्तिमत्त्वाचे छोटे प्रशिक्षण झाल्यावर आर्टिकलशिप सुरू होते. दोन वर्षे संपल्यावर सहा महिने अभ्यासाला, मग फायनल, पुन्हा सहा पेपर. मधल्या काळात चार ऑनलाइन मॉड्यूलही पूर्ण करायची असतात.

परीक्षेचे माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. मराठी नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाला इथे पहिला धक्का बसतो आणि अनेक जण इथेच सोडतात. आमचे मत असे की हिंदीच्या मोहात पडू नये. कायद्याची भाषा, सॉफ्टवेअर, ऑफिसातली पत्रे सगळे इंग्रजीत असते, त्यामुळे आज टाळलेले इंग्रजी आर्टिकलशिपच्या पहिल्या आठवड्यात समोर येतेच. फाउंडेशनच्या आधीचे सहा महिने रोज एक कंपनीचा वार्षिक अहवाल आणि एक अर्थविषयक बातमी इंग्रजीत वाचण्याला दिले तरी पुष्कळ फरक पडतो.

पैशाचे गणित

इंटरमीजिएटच्या दोन्ही ग्रुपची नोंदणी सुमारे १८ हजार रुपये, फायनलची सुमारे २२ हजार. परीक्षा शुल्क, प्रशिक्षण आणि क्लास वेगळे. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शिक्षणाच्या मानाने हे फार नाही. पण खरा खर्च शुल्कात नसतो, तो वेळेत असतो. आर्टिकलला विद्यावेतन मिळते, त्याला स्टायपेंड म्हणतात, आणि त्याचा किमान दर गावाच्या लोकसंख्येवर ठरतो. २०२३ च्या योजनेत हे दर दुप्पट झाले. तरीही चार लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात, म्हणजे बारामतीसारख्या ठिकाणी, किमान रक्कम पहिल्या वर्षी महिना २ हजार आणि दुसऱ्या वर्षी ३ हजार. वीस लाखांवरच्या शहरात ४ हजार आणि ५ हजार. हा किमान दर आहे. पुण्यातल्या मोठ्या फर्म याहून बऱ्याच जास्त देतात, छोट्या फर्म बहुधा किमान दरावरच थांबतात.

ज्या घरात मुलगा एमआयडीसीत गेला असता तर दरमहा पगार आला असता, त्या घराला हे दोन हजार थट्टा वाटतात. आईवडिलांची ही नाराजी चुकीची आहे असे आम्ही म्हणणार नाही. दोन वर्षे घर कसे चालेल याचा हिशेब करार करण्यापूर्वी घरात बसून, वहीवर मांडून करावा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती महाडीबीटीवर भरता येते, तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. बी.कॉम. चालू असेल तर ती सोडू नका. पुण्यात कॉलेज असेल आणि शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नसेल तर स्वाधार योजनेची अट तपासा. सीए इन्स्टिट्यूटच्या स्वतःच्या शिष्यवृत्त्या आहेत, त्यांत गुणवत्तेबरोबर आर्थिक गरज आणि दुर्बल घटक हेही निकष आहेत. आपली मुले तिथे अर्जच करत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

आर्टिकलशिप करत असताना पदवीचे शिक्षण चालू ठेवता येते. मात्र त्यासाठी इन्स्टिट्यूटची वेगळी परवानगी काढावी लागते आणि कॉलेजचे तास कामाच्या वेळेत येऊ नयेत अशी अट असते. परवानगी न काढता दोन्ही चालू ठेवले तर पुढे अडचण होते.

जागा मिळते कशी, आणि आडनाव

इथे आरक्षण नाही. ही खासगी फर्म आहे, कुणाला घ्यायचे ते प्रिन्सिपल ठरवतो, आणि बारामती-इंदापूरसारख्या ठिकाणी बहुतेक जागा ओळखीतून भरतात. क्लायंटचा मुलगा, मामाचा जावई, त्याच कॉलेजच्या सरांनी पाठवलेली मुलगी. आपल्यापैकी कुणाच्या घरात ऑडिट करून घ्यावे असा धंदा नसतो, त्यामुळे सीएच्या ऑफिसची पायरी चढण्याचा प्रसंगच आलेला नसतो. मुलाखतीत ‘गाव कुठले, आडनाव काय, वडील काय करतात’ हे तीन प्रश्न टॅक्सच्या प्रश्नाआधी येतात, असे आम्हाला एकापेक्षा अधिक मुलांनी सांगितले. एका ठिकाणी दोन महिने फक्त झेरॉक्स आणि बँकेच्या फेऱ्या दिल्या, त्याच दिवशी रुजू झालेल्या दुसऱ्याला मात्र पहिल्या आठवड्यातच ऑडिटला नेले. उलट अनुभवही आहेत. कऱ्हाकाठच्या एका मुलीला तिच्या सरांनी स्वतःची पुस्तके दिली आणि परीक्षेपूर्वी मागितलेल्यापेक्षा जास्त रजा दिली.

उपाय म्हणून आम्ही तीन गोष्टी सांगतो. इंटरमीजिएटचे गुण चांगले असतील तर पुण्यात अर्ज करा. तिथे मोठ्या फर्म ईमेलवर अर्ज घेतात, परीक्षा घेतात, आणि ओळखीचा वाटा कमी असतो. दुसरे, करारापूर्वी त्या फर्मच्या जुन्या आर्टिकलला भेटा. ऑडिटला नेतात का, की वर्षभर जीएसटीची विवरणपत्रेच भरायला लावतात, हे तोच सांगेल. तिसरे, मध्येच प्रिन्सिपल बदलणे नियमांनी सोपे ठेवलेले नाही, म्हणून ‘बघू, नाही जमले तर सोडू’ या विचाराने सही करू नका.

‘डमी’ आर्टिकलशिपचा प्रस्तावही येईल. म्हणजे नाव फर्मच्या यादीत, मुलगा घरी क्लासला, स्टायपेंड कागदावर. हा खोटा करार आहे आणि उघड झाला तर प्रशिक्षणाचा काळ रद्द होऊ शकतो. पण त्याहून मोठे नुकसान वेगळे आहे. ज्याच्या मामाची फर्म आहे तो डमी करूनही पुढे काम शिकेल. आपल्याला काम शिकायची हीच एक जागा आहे.

रोजचे काम

ऑडिट म्हणजे दुसऱ्याने लिहिलेले हिशेब पुराव्याशी ताडून पाहणे. नवा आर्टिकल सुरुवात करतो व्हाउचर तपासण्यापासून. रोजकीर्दीतली नोंद, तिचे व्हाउचर, त्याला जोडलेले बिल, त्यावरची मंजुरीची सही, आणि पैसा खरेच गेला का याची बँक पासबुकातली नोंद, अशी एकेक कडी जोडत जायची. मग खतावणी, तेरीज, बँकेचा ताळमेळ, रोख शिल्लक प्रत्यक्ष मोजणे, येणेकऱ्यांना शिल्लक कळवून त्यांचे उत्तर मागवणे, आणि शेवटी ताळेबंद. सारे आता टॅलीत किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असते, पण जुने शब्द ऑफिसात अजून चालतात. कामाचे तास आठवड्याला ३५ ठरलेले आहेत; जुलै ते सप्टेंबर या काळात ते पाळले जात नाहीत, हेही खरे. टॅक्स ऑडिटची सर्वसाधारण मुदत ३० सप्टेंबर असते. मुलींनी उशिरापर्यंत थांबण्याबद्दल आणि बाहेरगावच्या ऑडिटला जाण्या-येण्याच्या सोयीबद्दल आधीच स्पष्ट बोलून घ्यावे. त्यात संकोच नको.

आपल्या भागात ऑडिटचा खरा अभ्यास सहकारात होतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा हे सहकारी साखर कारखाने, शेकडो विकास सोसायट्या, पतसंस्था, दूध संस्था. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ८१ प्रमाणे या प्रत्येक संस्थेचे वार्षिक लेखापरीक्षण आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे ३१ जुलैपर्यंत, व्हायला हवे. लेखापरीक्षक शासनाच्या नामतालिकेवरचा असावा लागतो. आणि त्याला मराठीचे कामापुरते ज्ञान हवे, असे कायद्यातच लिहिले आहे. परीक्षेत आडवी आलेली मराठी इथे पात्रता ठरते. विकास सोसायटीच्या गटसचिवाने लिहिलेली प्रोसिडिंग बुकातली वळणदार नोंद वाचायला मुंबईच्या मुलाला अर्धा दिवस लागेल, तुम्हाला पाच मिनिटे.

विकास सोसायटीत ३१ मार्चला होणारे ‘नवं-जुनं’ घरी ऐकलेले असतेच. जुने पीककर्ज भरल्याचे दाखवायचे आणि त्याच आठवड्यात नवे उचलायचे. पुस्तकात वसुली उत्तम दिसते, खिशातून रुपया आलेला नसतो. शिकलेला आर्टिकल जमेची आणि नावेची तारीख शेजारी ठेवतो, भरणा रोखीने झाला की फक्त खात्यातून खात्यात फिरला हे पाहतो, आणि वसुलीच्या टक्क्यावर विसंबत नाही. पतसंस्थेत संचालकांच्या नातेवाइकांची कर्जे, तारण नसलेली कर्जे आणि व्याज येत नसतानाही उत्पन्नात धरलेले व्याज या तीन ठिकाणी आधी बघतात. संस्थेला शेवटी अ, ब, क किंवा ड वर्ग मिळतो. दोष निघाले तर संस्थेला दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो, आणि अपहार दिसला तर लेखापरीक्षकाला निबंधकाकडे विशेष अहवाल पाठवावा लागतो.

साखर कारखान्याचे ऑडिट हे तर वेगळेच विद्यापीठ आहे. गाळपाला आलेल्या उसाची काटा-पावती, तिच्यावरून निघालेले ऊसबिल, त्यातून झालेल्या सोसायटीच्या कपाती, गोडाऊनमधल्या ५० किलोच्या पोत्यांच्या थप्प्या मोजणे, मळीच्या टाकीची पातळी घेऊन साठा काढणे. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यावी, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातला नियम. म्हणून बिलाच्या तारखा महत्त्वाच्या.

पण आपल्या वाचकांनी ज्या खात्याकडे थांबून पाहावे ते ‘तोडणी-वाहतूक आगाऊ रक्कम’ या नावाचे. हंगामापूर्वी वाहतूकदाराला लाखोंची उचल दिली जाते, तो मुकादमाला देतो, मुकादम कोयत्याला, म्हणजे तोड करणाऱ्या जोडप्याला. कारखान्याच्या पुस्तकात कर्जदार म्हणून वाहतूकदाराचे नाव असते. ज्याच्या अंगावर ती उचल खरोखर फिटायची असते त्या मजुराचे नाव कुठल्याच खतावणीत नसते. बीड-अहिल्यानगरकडून येणाऱ्या त्या टोळ्यांत आपली माणसे किती असतात हे सांगायला नको. ऑडिटर म्हणून तुम्ही एवढेच तपासू शकता की उचल कराराप्रमाणे आहे का, वसूल होण्यासारखी आहे का, बुडीत असेल तर तरतूद केली का. मजुराशी झालेला व्यवहार तुमच्या कक्षेबाहेर राहतो. पण हा हिशेब आतून कसा लिहिला जातो हे कळलेला माणूस ऊसतोड मजुरांच्या प्रश्नावर भाषण करणाऱ्या दहा जणांपेक्षा कामाचा असतो.

अभ्यास

दिवसभर काम आणि रात्री पुस्तक हे बोलायला सोपे आहे. दोन वर्षांत रजा मिळते ती वर्षाला १२ दिवस, एकूण २४. जो ऑडिटला जातो त्याचा ऑडिटिंगचा आणि करांचा पेपर निम्मा तिथेच तयार होतो. उरतात ते फायनान्स आणि अकाउंटिंग स्टँडर्ड्स, त्यांना सकाळचे दोन तास ठेवावे लागतात. सुप्याहून किंवा भिगवणहून एसटीने रोज ये-जा करणाऱ्याचे दोन तास प्रवासातच जातात. जमले तर दोघा-तिघांनी मिळून बारामतीत खोली घ्यावी. आपल्या वस्त्यांतल्या अभ्यासिका एमपीएससीच्या पुस्तकांनी भरलेल्या असतात. तिथे सीएच्या अभ्यासक्रमाचा एक संच ठेवायला फार खर्च येत नाही, इन्स्टिट्यूटचे अभ्याससाहित्य ऑनलाइन मोफत मिळते.

सीए नाही जमले तर

फायनलला अडकलेली मुले समाजाच्या नजरेत नापास ठरतात. हिशेबाच्या बाजारात ती नापास नसतात. सहकार आयुक्तांकडून होणारी जी.डी.सी. अँड ए. ही पदविका परीक्षा पदवीधराला मराठीतून देता येते. ती उत्तीर्ण होऊन सहकारी संस्थांच्या ऑडिटचा तीन वर्षांचा अनुभव झाला की प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून नामतालिकेसाठी पात्रता येते. गावात राहून स्वतःच्या नावावर ऑडिट करण्याचा हा सगळ्यांत स्वस्त मार्ग, आणि तो आपल्याकडे फारच कमी जणांना माहीत आहे. सरकारी बाजूला सहकार खात्यातले लेखापरीक्षक, स्थानिक निधी लेखापरीक्षा, आणि महालेखापरीक्षकांच्या कार्यालयातली पदे आहेत. यांपैकी सहायक लेखापरीक्षा अधिकारी हे पद कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेतून भरतात. इथे आरक्षण लागू आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही केंद्राचे आरक्षण मिळते. त्यासाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा, हे अर्जाच्या शेवटच्या दिवशी कळून उपयोग नाही.

कार्यकर्त्यांसाठी

ऑडिट शिकलेला एक मुलगा गावात असला की काही प्रश्न नेमके विचारता येतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते, जिल्हा परिषदेने २० टक्के. ग्रामसभेत ‘आमच्या वस्तीला काय दिले’ असे विचारले की उत्तरही गोलमोल मिळते. ‘मागच्या वर्षी स्वउत्पन्न किती, त्याचे १५ टक्के किती, खर्च किती, अखर्चित किती, आणि लेखापरीक्षणात यावर काय शेरा आहे’ असे विचारले की गोलमोल उत्तराला जागा राहत नाही. सोसायटीचा सभासद असाल तर कलम ३२ प्रमाणे शेवटचा तपासलेला ताळेबंद पाहण्याचा हक्क तुम्हाला आहे.

तोच मुलगा आपल्या विहाराचे हिशेबही मागेल, आणि ते मागायलाच हवेत. नोंदणीकृत विहार ट्रस्टला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३३ प्रमाणे दरवर्षी लेखापरीक्षण करून अहवाल धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. त्यासाठी ताळेबंद अनुसूची आठच्या नमुन्यात आणि उत्पन्न-खर्चाचे पत्रक अनुसूची नऊच्या नमुन्यात करायचे असते. अनेक ठिकाणी नोंदणी झाल्यावर हे एकदाही केलेले नसते आणि ट्रस्टींच्या बदलाची नोंदही रखडलेली असते. जागेचा वाद कोर्टात गेला की मग धावपळ होते. आर्टिकल असलेल्या मुलाने आपल्या सरांना विचारून हे काम हाती घ्यावे; एका छोट्या विहाराचे तीन वर्षांचे हिशेब लावायला चार-पाच रविवार लागतात. आणि १४ एप्रिलच्या वर्गणीचे पावतीपुस्तक छापण्यापूर्वी, मंडळ नोंदणीकृत नसेल तर, कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यायची असते. अर्ज फेब्रुवारीत केला तर घाई होत नाही.